सोमवारी सगळ्या गाद्या मैदानात

"आधी विचारा, मग लाजा."

कापूसकाका हे इतक्यांदा म्हणत, की आमच्या गल्लीतली पोरे ते पाढ्याच्या चालीवर म्हणू लागली होती. गादी भरून घ्यायला आलेले माणूस मजुरी विचारायला कचरले, उगाच भिंतीकडे बघू लागले, की काका सुई थांबवत. "मजुरी किती ते आधी विचारा, मग लाजा. आधी लाजलात तर मी दुप्पट सांगेन, आणि मग मलाच लाजत बसावं लागेल."

काकांचा धंदा गाद्यांचा. जुनी गादी उसवायची, आतला गोळे झालेला कापूस पिंजायचा, त्याला ऊन दाखवायचे, आणि पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे. कापूस पिंजला जाताना ज्याने पाहिले आहे, त्याला ढग कसे तयार होतात हे समजावून सांगावे लागत नाही. पिंजायचे उंच धनुष्य खांद्याशी टेकलेले, त्याच्या ताणलेल्या तातीवर, म्हणजे दोरीवर, लाकडी गोट्याचा ठोका, टंग, टंग, टंग, आणि पायाशी पडलेला काळवंडलेला गठ्ठा हळूहळू श्वास घेऊ लागतो. फुगतो, हलका होतो, सकाळच्या उन्हात तरंगू लागतो. त्यातला थोडा काकांवर उतरायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. भुवयांत, मिशीत, कानांत. त्यांचे पिकलेले केस किती आणि कापूस किती, हे कुणालाच नक्की सांगता आले नसते. काकू तर म्हणत, "हे मला बघायला आले तेव्हा वाटलं, सासरेबुवाच आलेत. डोकं झटकल्यावर नवरा निघाला."

आता गादी हा असा प्राणी आहे, की तिच्या पोटात काय आहे ते तिला आणि तिला उसवणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक गादीच्या पोटात पैसे होते. काका हात घालत आणि बोटांना मऊ कापसाऐवजी काहीतरी करकरीत लागे. नोटांची सुरळी, पुडी, जुन्या मोज्यात कोंबलेला गठ्ठा. ते कुणी ठेवले तेही त्यांना टाक्यांवरून कळे. बायका मूळ टाक्याला टाका असा जुळवत, की वरून हात फिरवला तरी लागू नये. पुरुष लांब लांब टाके घालत, आणि तेही पांढऱ्या खोळीला हिरव्या दोऱ्याने.

तरुणपणी एकदा काकांनी अशी एक सुरळी मोठ्या प्रामाणिकपणे घरातल्या बाईच्या हातात नेऊन ठेवली. ती नवऱ्याने लपवलेली होती. पुढे कित्येक दिवस त्या घरात दोघे भांडी आपटूनच एकमेकांशी बोलत होते. काकांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून सापडले ते तिथेच परत ठेवायचे, भोवती चांगला पिंजलेला कापूस द्यायचा, म्हणजे पैशांनाही नीट झोप लागेल, आणि मूग गिळून टाके घालायचे.

एका गादीत मात्र नोटांच्या सुरळीचे उंदरीण-बाईंनी घरटे केले होते. कातरलेल्या नोटांच्या गादीवर पाच गुलाबी पिल्ले एकमेकांना चिकटून झोपली होती. घरच्या म्हाताऱ्याने ते पाहिले आणि तो मटकन खाली बसला.

"मुद्दल गेलं हो माझं!"

काका त्याला खोळीने वारा घालत म्हणाले, "मुद्दल गेलं खरं बाबा. पण व्याज तर बघा. पाच!"

म्हातारा हसला नाही. घरी येताना काकांनाही हसू आले नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी गल्लीच्या बचत गटात नाव घातले.

हा गट एका निवृत्त शिक्षिकेने काढला होता. त्यांना सगळे बाई म्हणत. दर शनिवारी दुपारी प्राथमिक शाळेच्या वर्गात सभासद जमत आणि पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसत. गटात प्रत्येकाने थोडे थोडे पैसे ठेवायचे, त्यावर गटाने थोडे व्याज द्यायचे, आणि ज्याला गरज असेल त्याला महिन्याला शेकडा एक दराने कर्ज द्यायचे. शिवाय बाई शिकवायच्या, की कर्ज घेताना समोरच्याला काय काय विचारावे, आणि सही करण्याआधी कागद कसा वाचावा. पण पहिलीच्या बाकावर बसले की माणसाला पहिलीतल्याइतकीच भीती वाटते. कुणी तोंड उघडत नसे.

तोंड उघडायचे ते गॉगलवाल्यापुढे, तेही हो म्हणण्यापुरते. हा गृहस्थ मोटारसायकलवरून कर्जे वाटत हिंडायचा. आवाज मधासारखा, आणि प्रत्येक कर्जावर भिंतीचे घड्याळ फुकट. "आठवड्याला शंभरामागे फक्त पाच, ताई. पाच म्हणजे काय हो? मूठभर शेंगदाणे." अर्ध्या गल्लीच्या भिंतींवर त्याची घड्याळे टिकटिकत होती आणि ती सगळी पुढे पळत. लोक म्हणत, हप्त्याचा दिवस लवकर यावा म्हणून.

पाच म्हणजे काय, ते काकांनी एका शनिवारी दाखवले. बाई फळ्यावर बावन्न आठवड्यांचा गुणाकार मांडत होत्या आणि मागचे बाक पेंगत होते. काका भिंतीशी टेकवलेले धनुष्य घेऊन उठले. मुठीत आवळलेला कापूस त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे गॉगलवाल्याकडून घेतलेलं कर्ज. केवढं आहे?"

"एवढंसं," वर्ग म्हणाला.

"आता याला वर्षभर ठेवू या." आणि काकांनी धनुष्य टेकवून पिंजायला सुरुवात केली. कापूस फुगला. खडूचा डबा दिसेनासा झाला, हजेरीपट गेला, टेबल गेले, आणि त्या पांढऱ्या डोंगरामागून एकामागून एक शिंका येऊ लागल्या, कारण बाईंना कापसाचे वावडे होते.

"फेडायचं केवढं?" काका ओरडले.

"बाईंएवढं!" वर्ग ओरडला.

"शंभरावर वर्षाचं नुसतं व्याज... आक्छी! दोनशे साठ," डोंगरातून आवाज आला. "मुद्दल... आक्छी! वेगळं!"

त्या दिवसापासून वर्ग पेंगायचा थांबला. शंका विचारू लागला. मात्र पैसे ठेवायची वेळ आली की सगळ्यांचे हात आखडत. गटाचा पत्र्याचा डबा उचलला की खुळखुळ्यासारखा वाजे.

गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. ती चालवणारी बाई सगळ्यांची वहिनी. तिची भट्टी एका बाजूने तडकली, तेव्हापासून पाव अर्धा काळा आणि अर्धा गोरा निघू लागला. गल्लीने ते गोड मानून घेतले. घराघरात नवरा काळी बाजू खाई, मुले गोरी. पण वहिनीचा अर्ध्याहून जास्त पाव वसतिगृहात जायचा, आणि तिथले व्यवस्थापक एवढे मायाळू नव्हते. एक तारखेपासून पाव दोन्ही बाजूंनी सारखा हवा, नाहीतर दुसरी बेकरी बघतो, असा त्यांचा निरोप आला. वसतिगृहाच्या पावावर दुकानाचे भाडे निघायचे आणि तिच्या दोन मुलींची फी. तो पाव गेला की बेकरीला कुलूप, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

म्हणून त्या शनिवारी वहिनीने नव्या भट्टीसाठी गटाकडे कर्ज मागितले. बाईंनी डबा उघडला, मोजले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजले.

"वहिनी, यात भट्टीचं दार येईल."

"नुसतं दार?"

"कडीसकट."

"सभासदांनी थोडी ठेव वाढवली तर सगळी भट्टी येईल," बाईंनी वर्गाकडे पाहिले. "ठेवीवर व्याजही मिळेल. कोण ठेवतंय?"

गल्लीतल्या चावीवाल्याने उभे राहून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "आमच्याकडे कुठले पैसे, बाई!" त्याच्या बायकोने पदराचे टोक झटकून दाखवले. "यांच्याकडेच नाहीत तर माझ्याकडे कुठले!" मग एकेक बाक आपली गरिबी सांगू लागला, आणि प्रत्येकाची गरिबी आधीच्यापेक्षा थोडी जास्त निघाली. काका मान खाली घालून ऐकत होते. समोरच्या प्रत्येक माणसामागे त्याची गादी त्यांना दिसत होती, पोट फुगवून उभी.

वहिनी उठली. "राहू द्या. सोमवारी सकाळी गॉगलवाला कागद घेऊन येतोय. करते सही." आणि दाराकडे वळता वळता म्हणाली, "कापसाचा तो डोंगर मी विसरले नाहीये, काका. पण दुसरं काय करू, ते सांगा."

काका मनातल्या मनात तोलू लागले. बोलावे तर घराघरात भांडी आपटणार. गप्प बसावे तर बेकरी जाणार. वहिनी दारापर्यंत पोचली, तेव्हा काका एकदम उभे राहिले.

"सोमवारी सकाळी," ते म्हणाले, "शाळेच्या मैदानात मी सगळ्या गल्लीच्या गाद्या पिंजून देणार. फुकट. सगळ्यांसमोर उसवणार, सगळ्यांसमोर भरणार. एक घर सोडणार नाही. वहिनी, तुम्ही पण या, आणि त्याआधी कशावरही सही करू नका."

सगळे बाक एकमेकांकडे बघू लागले.

"फुकट?" चावीवाला बाकावरून अर्धा उठला.

"फुकट."

"पण आमची गेल्या वर्षीच केली की."

"पुन्हा करू."

"तिला हलवलेलं सोसत नाही हो!"

"गादी आहे की बाळंतीण?" बाई म्हणाल्या.

चावीवाला चिडला. "मग तुमच्या घरचीही आणा की! आमच्याच गाद्या का चव्हाट्यावर?"

"आणतो!" काका छाती काढून म्हणाले. "माझ्या गादीत गोळ्यांशिवाय आहे काय!"

गोळे तर खरेच होते. काकांनी स्वतःची गादी लग्नापासून उसवलेली नव्हती. काकू हात लावू देत नसत. "दिवसभर लोकांच्या गाद्या, घरी तरी ती सुई खाली ठेवा," म्हणत. त्या गादीत काकांच्या बरोबर कमरेखाली दगडासारखा एक गोळा होता. त्याने काकांची पाठ धरली होती, ती कायमचीच. अख्ख्या गल्लीला मऊ झोपवणारा माणूस सकाळी भिंतीला धरून उठायचा.

रविवारची दुपार आली ती अशी, की तशी आमच्या गल्लीने पूर्वी पाहिली नव्हती. लख्ख ऊन, आणि सगळ्या खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रेसुद्धा चक्रावून उभे. कान दिला तर प्रत्येक दारामागे कात्रीचा बारीक कुरकुर आवाज. आणि मग खिडक्यांच्या फटींतून, दारांखालून, कौलांच्या सांध्यांतून कापसाचा एकेक पांढरा तुरा बाहेर आला, जरा घुटमळला, आणि उन्हात वर वर निघाला. सगळी गल्ली हळूहळू तरंगत असल्यासारखी दिसत होती.

चावीवाल्याने बायकोला बहिणीकडे पाठवले होते. बायकोने त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी कुलूप अडकलेय असे सांगून पिटाळले होते. तो मागच्या दाराने परत आला, ती पुढच्या. गादीपाशी दोघांची गाठ पडली. तो उशाशी चाकू घेऊन, ती पायथ्याशी कात्री घेऊन.

"तुम्ही काय करताय?"

"ढेकूण बघतोय."

"चाकूनं?"

"मोठा आहे. आणि तू?"

"मी त्याचीच बायको शोधतेय."

मग दोघांनी न बोलता आपापल्या बाजूने हात घातला. त्याची पुडी निघाली, तिचा मोजा निघाला.

"किती?" त्याने विचारले.

"आधी तुम्ही सांगा."

हे पुढे चावीवालीनेच सगळ्यांना सांगितले, आणि दर वेळी सांगताना ढेकूण थोडा मोठा होत गेला.

पैसे बाहेर तर निघाले. आता ठेवायचे कुठे? गादी सोमवारी मैदानात जाणार. पिठाचा डबा मुले उघडतात. उंदरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी बाईंच्या दारात रांग लागली. बाई टेबलाशी बसून ठेवीच्या पावत्या लिहीत होत्या आणि शेजारी काका शिक्का मारत होते.

"मामानं पाठवले," पहिला म्हणाला.

"मामांना माझा... आक्छी! नमस्कार सांगा. केसातला कापूस झटका जरा."

"हे जुनं येणं होतं," दुसरी म्हणाली.

"आक्छी! फारच जुनं दिसतंय."

चावीवाला-चावीवाली जोडीने आले, पावत्या मात्र वेगवेगळ्या मागितल्या. प्रत्येक नोटेबरोबर एक तुरा, प्रत्येक तुऱ्याबरोबर एक शिंक. बाईंचे नाक लाल झाले, डोळे वाहू लागले, अक्षर वाकडे झाले, पण चेहरा असा खुलला होता, की जणू वर्गातली सगळीच मुले एकदम पास झाली असावीत.

"मला एक सांगा," एकाने रांगेतून विचारले, "गटात ठेवले तर व्याज मिळतं. घरी गादीत, म्हणजे समजा हं, गादीत ठेवले, तर काय मिळतं?"

"पाठदुखी," काका सहज बोलून गेले, आणि शिक्का मारायला वर पाहतात तो रांगेच्या टोकाला काकू. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या.

शिक्का हवेतच राहिला.

"तू?"

"मी."

काकूंनी टेबलावर मोज्यात बांधलेला एक गठ्ठा ठेवला. तो दगडासारखा ठक्क वाजला.

"हा... हा तो गोळा?"

"हाच."

"इतकी वर्षं माझ्या कमरेखाली?"

"तुम्हाला उठवल्याशिवाय चोराला नेता आला नसता."

"अगं पण साठवत कशासाठी होतीस?"

सगळी रांग कान टवकारून पुढे झुकली. काकूंनी एकदा रांगेकडे पाहिले, एकदा काकांकडे.

"विचारलंत ना? आता लाजा. तुमच्या पाठीच्या औषधासाठी."

बाई हसल्या की शिंकल्या, ते कुणाला कळले नाही. काका मात्र खरोखरच लाजले. भुवयांतल्या कापसाखाली तो लाल रंग रांगेच्या टोकापर्यंत दिसला.

रात्र पडायच्या आत बाईंनी डबा मोजला. भट्टी, दार, कडी, आणि वर धुराडेही.

सोमवारी सकाळी मैदान गाद्यांनी भरले. प्रत्येक गादीचे पोट घाईघाईने फाडलेले आणि घाईघाईने शिवलेले. या वेळी बायकांनीही हिरवा दोराच वापरला होता. काका एकेक गादी उघडत होते, आत फक्त कापूस निघत होता, आणि मालक लोक 'सांगितलं होतं ना!' अशा तोंडाने एकमेकांकडे बघत होते.

बाईंनी गटाचा कागद वहिनीपुढे धरला. तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली आणि गॉगलवाल्याने आपला कागद पुढे केला, बगलेत घड्याळ. वहिनीने दोन्ही कागद हातात घेतले, पण पेन घेतले नाही.

"बाई, वर्षाला किती पडेल?"

"महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला शंभरामागे बारा. फिटेल तसं व्याजही कमी होत जाईल."

"हप्ता चुकला तर?"

"आधी येऊन सांगायचं. दंड नाही, पण ऐकून घ्यावं लागेल."

वहिनी वळली. "आता तुम्ही. वर्षाला किती?"

"आठवड्याला फक्त पाच, ताई."

"वर्षाचं विचारलं."

"वर्ष कुणी पाहिलंय, ताई!"

"कॅलेंडरवर असतं. किती?"

गॉगलवाल्याने बोटे मोजली, पुन्हा मोजली, गॉगल काढला. त्याचे डोळे गल्लीने पहिल्यांदाच पाहिले. अगदीच साधे निघाले. "एवढं कुणी विचारत नाही हो," तो कळवळून म्हणाला.

"मला पण लाज वाटतेय," वहिनी म्हणाली. "पण ती नंतर. हप्ता चुकला तर?"

"तर... तर घड्याळ परत नेतो."

"आमचं आजच न्या!" चावीवाला गाद्यांमधून ओरडला. "पुढे पळतंय ते!" आणि तो खरेच घरी जाऊन घेऊन आला. मग दुसरा गेला, तिसरी गेली. वहिनीने गटाच्या कागदावर सही केली, तोवर मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना घड्याळे लटकली होती. त्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि काकांचा अख्खा पिंजलेला ढीग गॉगलवाल्यावर जाऊन बसला. तो गेला तेव्हा पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा टिकटिकत चालल्यासारखा दिसत होता. ज्यांची त्याच्याकडे कर्जे होती, त्यांनी पुढे गटाकडून स्वस्त कर्ज काढून त्याची फेडून टाकली.

नवी भट्टी एक तारखेच्या आधी बसली. पहिला पाव वहिनीने दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, मग बाईंनी, मग काकांनी, आणि वसतिगृहात जाईपर्यंत तो गार झाला. तरी व्यवस्थापकांनी तो ठेवून घेतला, आणि रोजचेही ठेवून घेतले.

काकांच्या मात्र त्या फुकटाने नाकी नऊ आणले. मैदानातल्या गाद्या संपता संपेनात, आणि त्या काळात मजुरीचा एक पैसा घरात आला नाही. "फुकट म्हणण्याआधी मी मलाच विचारायला हवं होतं," ते पिंजता पिंजता म्हणत. पण स्वतःची गादी त्यांनी सगळ्यात शेवटी, अगदी मन लावून केली, आणि तिच्यावर झोपल्यावर भिंतीला न धरता उठू लागले. औषधाला एक पैसा लागला नाही.

मग नदीपलीकडच्या वस्तीतून बाईंना निरोप आला. तिथेही गट काढलाय, तिथला डबाही रिकामाच वाजतो, तिथली माणसेही फार म्हणजे फारच गरीब आहेत. बाईंनी निरोप काकांना दिला. काका मिशीत हसले.

ते निघाले ती सकाळ कोवळ्या उन्हाची होती. खांद्यावर धनुष्य, काखेत वहिनीने दिलेला गरम पाव, आणि पाठ ताठ. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. "फुकट म्हणू नका हं!" त्या मागून ओरडल्या. काकांनी वळून न पाहता हात हलवला, म्हणजे ते म्हणणार होते. वहिनी पिठाचे हात पुसत बेकरीच्या पायरीवर आली. चावीवाला आणि चावीवाली आपापल्या पावत्या कुठे ठेवल्यात यावर भांडत होती, ती भांडण थांबवून बघू लागली.

काका पुलावर चढले. पलीकडच्या काठाच्या पहिल्याच घरात, खिडकीत एक बाई भांडे विसळत उभी होती. तिने पुलावरून येणारा माणूस पाहिला, त्याच्या खांद्यावरचे धनुष्य पाहिले, क्षणभर थबकली, आणि खाडकन खिडकी लावून घेतली. काका चालतच होते. थोड्या वेळाने त्या बंद खिडकीच्या फटीतून एक पांढरा तुरा बाहेर आला, जरा घुटमळला, आणि उन्हात वर वर निघाला.